करप्याला 'सहनशील' मका म्हणजे नेमका किती सहनशील?

प्रश्न थोडक्यात असा. खरिपाचा मका, जूनअखेरची पेरणी. तुरा पडायच्या आधीच खालच्या पानांवर लांबट राखाडी डाग आले आणि दाणा दुधात असताना कणसाजवळची पानंही वाळली. बियाण्याच्या पिशवीवर 'पानांवरील रोगांस सहनशील' असं छापलेलं होतं. बांधापलीकडे त्याच संकरित वाणाचा मका शेवटपर्यंत हिरवा राहिला. मग बियाणं बनावट होतं का, आणि पुढच्या वर्षी कोणता वाण घ्यावा?

बनावट बियाण्याची शंका सर्वांत शेवटी घ्या. इथे खरी अडचण 'पानांवरील रोगांस सहनशील' या तीन शब्दांची आहे. कोणता रोग, किती सहनशील, कोणत्या अवस्थेपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. एखादा वाण एका करप्याला चांगला तोंड देतो आणि दुसऱ्या करप्यापुढे मान टाकतो, हे नेहमीचंच आहे. म्हणून वाणाचं नाव विचारण्याआधी आपल्या शेतात येतो तो रोग कोणता, हे पक्कं करायला हवं.

आपल्याकडे मक्याच्या पानांवर प्रामुख्याने चार बुरशीजन्य रोग दिसतात. पहिला टर्सिकम करपा. याचा डाग होडीच्या किंवा विडीच्या आकाराचा, दोन्ही टोकांना निमुळता, अडीच सेंटिमीटरपासून पंधरा सेंटिमीटरपर्यंत लांब. आधी पाण्यात भिजल्यासारखा करडा-हिरवा, मग गवती पिवळट. हा डाग शिरा ओलांडून पसरतो. याला साधारण १८ ते २७ अंश तापमान आणि पानावर कित्येक तास टिकणारं दव किंवा रिमझिम लागते. म्हणून ढगाळ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि पुन्हा थंडीतल्या बागायती मक्यात तो जोर धरतो. दुसरा मेडिस करपा. त्याचे डाग लहान, फार तर अडीच सेंटिमीटर, दोन शिरांच्या मध्ये अडकलेले, त्यामुळे कडा सरळ रेषेत आणि तांबूस-तपकिरी. याला उष्ण दमट हवा मानवते. तिसरा आणि चौथा म्हणजे दोन तांबेरे. साध्या तांबेऱ्याच्या पुळ्या विटकरी-तपकिरी, विखुरलेल्या आणि पानाच्या दोन्ही बाजूंना असतात, हवा थंड लागते. पॉलिसोरा तांबेऱ्याच्या पुळ्या फिकट नारिंगी, बारीक, दाटीवाटीने आणि मुख्यतः पानाच्या वरच्या बाजूला असतात. तो गरम हवेत येतो. याशिवाय कर्व्ह्युलारियाचे टाचणीच्या डोक्याएवढे गोल ठिपके, केवडा, खालून वर चढणारा पर्णकोष करपा असे आणखीही आहेत, पण तुम्ही वर्णन केलेले लांबट राखाडी डाग बहुतेक टर्सिकमचे.

'बहुतेक' यावर थांबू नका. घरच्या घरी करता येणारी एक तपासणी आहे. डागाचा तुकडा आजूबाजूच्या बोटभर हिरव्या भागासकट कापा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओला केलेला टिश्यू किंवा वर्तमानपत्राचा कागद ठेवा, त्यावर पान उताणं ठेवून पिशवीचं तोंड बांधा आणि सावलीत ठेवा. चोवीस ते छत्तीस तासांनी डागावर काजळीसारखी काळपट-हिरवी लव उगवली, तर ती बुरशीच्या बीजाणूंची, म्हणजे तिच्या सूक्ष्म बियांची, फळी समजा. टर्सिकमची लव जुन्या मोठ्या डागांच्या मध्यावर दाट येते, हातातलं साधं भिंगही पुरतं. काहीच उगवलं नाही तर डाग खताच्या कमतरतेचे किंवा तणनाशकाच्या शिंतोड्यांचे असू शकतात. पालाश कमी पडलं की खालच्या पानांच्या कडा टोकाकडून करपत येतात, जस्त कमी असेल तर कोवळ्या पानांत मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे दिसतात. या दोन्हींना रोग समजून पंप पाठीवर घेणारे पुष्कळ आहेत.

रोग टर्सिकमच निघाला असं धरून पुढे जाऊ. आता 'सहनशील' म्हणजे किती?

अखिल भारतीय समन्वित मका संशोधन प्रकल्पात, म्हणजे १९५७ साली सुरू झालेल्या त्या देशव्यापी चाचणी-जाळ्यात, वाणांना रोगासाठी १ ते ९ असा गुण देतात. १ म्हणजे जवळजवळ डाग नाहीत. ३ म्हणजे पानांचं वीस ते तीस टक्के क्षेत्र डागाळलेलं, ५ म्हणजे चाळीस ते पन्नास टक्के, ७ म्हणजे साठ ते सत्तर टक्के आणि ९ म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर. ३ पर्यंत गुण मिळाला तर वाण प्रतिकारक, ३ च्या वर ते ५ मध्यम प्रतिकारक, ५ च्या वर ते ७ मध्यम बळी पडणारा आणि त्यापुढे बळी पडणारा. हे गुण मोघम नजरेने देत नाहीत. ज्वारीच्या भिजवून निर्जंतुक केलेल्या दाण्यांवर बुरशी वाढवतात, दोन आठवड्यांनी दाणे सावलीत वाळवून भरडतात आणि मका साधारण ३० ते ३५ दिवसांचा, गुडघाभर झाला की संध्याकाळच्या वेळी चिमूटभर पूड प्रत्येक झाडाच्या पोंग्यात टाकतात. वरून पाण्याचा फवारा मारतात आणि आठवड्याने तेच पुन्हा करतात. मुद्दाम रोग आणल्याशिवाय वाणाची खरी परीक्षा होत नाही. ज्या वर्षी रोगच आला नाही, त्या वर्षी सगळेच वाण प्रतिकारक दिसतात. चाचणीत सीएम २०२ सारखी हमखास बळी पडणारी ओळ मध्ये मध्ये पेरतात ती त्याचसाठी. ती ओळ करपलीच नाही तर त्या वर्षाचे आकडे बाद.

पिशवीवर 'सहनशील' छापायला यातला ३ गुण असावा लागत नाही. व्यवहारात ५ गुणाच्या वाणालाही सहनशील म्हणतात, आणि त्यात फसवणूक नाही. मध्यम प्रतिकारक वाण बहुतेक हंगामांत तग धरतो. रोग लवकर शिरला, हवा सलग ओली राहिली आणि बुरशीचा साठा शेतातच असला, की त्याची मर्यादा उघडी पडते. तुमच्याकडे हेच झालं असणार.

प्रतिकारशक्ती दोन प्रकारांनी काम करते, आणि त्यातला फरक कळला की वाण निवडताना बराच गोंधळ टळतो. एक प्रकार मोठ्या एकेकट्या जनुकांचा. टर्सिकमविरुद्ध एचटी १, एचटी २, एचटी ३ आणि एचटी एन ही नावं ऐकायला मिळतात. एचटी १ असलेल्या झाडावर बुरशी शिरते, पण डागाभोवती पिवळी कड उमटते, डाग कोंडला जातो आणि त्यावर बीजाणू फार थोडे तयार होतात. एचटी एन मेक्सिकोतल्या पेपितिया या देशी मक्यातून आलं. त्याची तऱ्हा वेगळी. ते डागाला अडवत नाही, उशीर करायला लावतं. तुरा पडेपर्यंत पान जवळजवळ स्वच्छ राहतं. मोठ्या जनुकांची अडचण अशी की बुरशीही त्यांना उत्तर शोधते. अमेरिकेत एचटी १ खूप पेरलं गेलं आणि सत्तरच्या दशकात हवाईत त्याला न जुमानणारी बुरशीची जात सापडली. बुरशीच्या जातींना नावंच तशी आहेत: जात ० म्हणजे कुठलंही जनुक न तोडणारी, जात १ म्हणजे एचटी १ तोडणारी, जात २३ म्हणजे एचटी २ आणि एचटी ३ दोन्ही तोडणारी.

दुसरा प्रकार म्हणजे अनेक लहान जनुकांची एकत्र ताकद. इथे एकही डाग येणार नाही अशी अपेक्षा ठेवायची नसते. डाग येतात, पण कमी येतात, आखूड राहतात, उशिरा दिसतात आणि त्यावर बीजाणू कमी धरतात. हे कागदावर किरकोळ वाटतं. समजा एका डागातून दोन आठवड्यांत दहा नवे डाग तयार होतात, तर तीन फेऱ्यांत एकाचे हजार होतील. सहनशील वाणात तेच प्रमाण चारवर आलं तर तीन फेऱ्यांत चौसष्ट. आणि प्रत्येक फेरीला दोनच्या जागी अडीच आठवडे लागले, तर चाळिसाव्या दिवशी दिसलेला डाग दाणा भरेपर्यंत तिसरी फेरी पुरी करतच नाही. खरा फायदा या अशा हळूपणाचा असतो आणि तो बुरशीला सहजासहजी मोडता येत नाही. म्हणून 'आमच्या वाणावर एकही डाग नाही' असं सांगणाऱ्यापेक्षा 'डाग येतात, पण कणसाच्या वर चढत नाहीत' असं सांगणारा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो.

संकरित वाणात ही लहान जनुकं दोन्ही पालकांकडून बेरजेने येतात. एक पालक दणकट आणि दुसरा अगदी नाजूक असेल, तर संकर साधारण मधे कुठेतरी पडतो. घरचं दुसऱ्या पिढीचं बियाणं पेरलं तर एका शेतात काही झाडं स्वच्छ आणि काही पूर्ण करपलेली दिसतात. तेव्हा वाण बिघडला असं म्हणतात. वाण तोच आहे, फक्त पालकांची जनुकं फुटून वेगवेगळ्या झाडांत गेलेली असतात.

एकाच गोष्टीवर भिस्त ठेवली की काय होतं, हे १९७० साली अमेरिकेत दिसलं. संकरित मक्याचं बियाणं बनवताना मादी ओळींचे तुरे हाताने उपटावे लागतात, आणि त्याला हजारो मजूर लागतात. टेक्सासमध्ये सापडलेल्या एका पेशीद्रव्यामुळे मादीच्या तुऱ्यात परागकणच तयार होत नव्हते. तुरे उपटायची गरज संपली, आणि १९७० पर्यंत अमेरिकेतला सुमारे ८५ टक्के मका त्या एकाच टी पेशीद्रव्यावर उभा होता. वाणांची नावं वेगवेगळी, दाण्यांचे प्रकार वेगवेगळे, आतला हा भाग मात्र सगळीकडे सारखा. त्या वर्षी मेडिस करप्याच्या बुरशीची टी जात दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकली. तिचं विष नेमकं त्या पेशीद्रव्यातल्या मायटोकॉन्ड्रियातल्या एका प्रथिनाला जाऊन भिडत होतं, आणि हेच प्रथिन तुरा नपुंसक करत होतं. म्हणजे सोय आणि कमजोरी एकाच जागी. नेहमीचा मेडिस पानांवर थांबतो, टी जात कणसापर्यंत आणि दाण्यापर्यंत गेली. देशाच्या मका उत्पादनात सुमारे पंधरा टक्के घट आली. इशारा आधीच मिळाला होता: फिलिपिन्समध्ये १९६१ साली टी पेशीद्रव्याचा मका या रोगाला जास्त बळी पडतो असं नोंदवलं गेलं होतं. त्यानंतर कंपन्या साध्या पेशीद्रव्याकडे आणि हाताने तुरे काढण्याकडे परतल्या. आंध्र-तेलंगणातल्या बीजोत्पादनाच्या प्लॉटवर आजही मजूर ओळीओळीने तुरे उपटताना दिसतात.

आता बांधापलीकडच्या हिरव्या मक्याकडे येऊ. तेच बियाणं, तीच हवा, मग फरक कशाचा? तिकडे आदल्या खरिपात काय होतं ते विचारा. टर्सिकमची बुरशी मक्याच्या पालापाचोळ्यावर आणि धसकटांवर पुढच्या हंगामापर्यंत जिवंत राहते. मक्यावर मका घेतला आणि धसकटं रानातच राहिली, तर रोगाची पहिली फेरी रोप लहान असतानाच सुरू होते. सोयाबीन, कापूस किंवा तूर घेतलेल्या रानात बीजाणू वाऱ्याने बाहेरून यावे लागतात, त्यात दोन-तीन आठवडे जातात. मध्यम प्रतिकारक वाणाला तेवढीच उसंत पुरते. दुसरी बाब पेरणीची तारीख. दहा-पंधरा दिवस आधी पेरलेला मका दाणा भरण्याच्या टप्प्यावर पुढे निघून जातो, आणि रोग पोहोचेपर्यंत नुकसानीची वेळ टळलेली असते. तिसरी बाब पाणी. तुषार सिंचन संध्याकाळी चालवलं तर पान रात्रभर ओलं राहतं, ठिबकाखालच्या पानाला ती अडचण नाही. आणि चौथी, खत. हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ४० किलो पालाश ही शिफारस असताना पालाश हमखास वगळलं जातं. रान साचत असेल आणि मुळं गुदमरलेली असतील, तर झाडाची पानं तशीही लवकर म्हातारी होतात, आणि म्हाताऱ्या पानावर करपा झपाट्याने पसरतो.

लोक विचारतात, शेजारच्या ज्वारीवरचा करपा मक्यावर येतो का? बुरशीचं नाव एकच असलं तरी ज्वारीवरचे आणि मक्यावरचे प्रकार बहुतांशी आपापल्या पिकाला धरून असतात. म्हणून ज्वारीवर दोष टाकण्याआधी आपली धसकटं पाहा.

निवडीत आणखी एक चकवा आहे, आणि तो चांगल्या जाणकारांनाही लागतो. उशिरा पक्व होणारे वाण त्याच दिवशी पाहिले तर अधिक हिरवे दिसतात. शिवारफेरीला ९० व्या दिवशी गेलात, तर ९५ दिवसांचा लवकर येणारा वाण पिकत आलेला असतो आणि ११५ दिवसांचा अजून तरणा असतो. लवकरच्या वाणाची खालची पानं वयाने वाळलेली असतात, पण ते सगळं खापर करप्यावर फुटतं. म्हणून तुलना नेहमी सारख्याच कालावधीच्या वाणांत करा, आणि तारखेवर न जाता अवस्थेवर करा: कणसाचे केस वाळल्यावर, दाणा दुधातून घट्ट होत असताना. मधुमक्याच्या बाबतीत उलटा मुद्दा आहे. त्यातले पुष्कळ वाण पानांच्या रोगांना नाजूक असतात, पण कणसं कोवळीच तोडायची असल्याने थोडा करपा खपून जातो. मात्र ताटं चारा म्हणून विकायची असतील तर नाही.

वाणाचं नाव मी देत नाही, कारण बाजारातले संकर दोन-चार वर्षांत बदलतात आणि आज दिलेली यादी लवकर शिळी होते. त्याऐवजी विक्रेत्याला किंवा कंपनीच्या प्रतिनिधीला असं विचारा: टर्सिकमसाठी या वाणाचा १ ते ९ मधला गुण किती, तो कोणत्या केंद्रावर आणि कृत्रिम रोग आणून मिळाला का? मक्याच्या चाचण्यांसाठी देशाचे पाच विभाग आहेत आणि महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात येतो. टर्सिकमसाठी धारवाड आणि अरभावी ही रोग हमखास येणारी केंद्रं आहेत, मेडिससाठी लुधियाना, कर्नाल, दिल्ली, आणि पॉलिसोरा तांबेऱ्यासाठी मंड्या. धारवाडला ३ गुण मिळालेला वाण कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला बरंच काही सांगतो. लुधियान्याला मेडिससाठी मिळालेला ३ गुण मात्र टर्सिकमबद्दल काहीच सांगत नाही. वायव्य मैदानासाठी अधिसूचित झालेला वाण इथे विकला जात असेल, तर 'प्रतिकारक' हा शब्द तिथल्या रोगाचा असण्याची शक्यता जास्त. समोरच्याकडे आकडा नसेल तर महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. अधिसूचित वाणांच्या प्रस्तावात रोगांचे गुण नोंदवलेले असतात.

तरीही शेवटचा कौल आपल्या रानाचाच. पुढच्या खरिपात सगळं क्षेत्र एकाच वाणाखाली न घालता, तीन वाणांची छोटी पारख लावा. प्रत्येक वाणाच्या चार ओळी, ७५ सेंटिमीटर अंतराने, ओळीत २० सेंटिमीटरवर एक रोप. पाच मीटर ओळीत २५ झाडं बसतात. हीच मांडणी शेताच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा करा, आणि वाणांचा क्रम बदला. बांधाकडची आणि झाडांच्या सावलीतली जागा टाळा. ज्या वाणाने यंदा दगा दिला तो तुलनेसाठी ठेवाच, तो तुमचा सीएम २०२. या तुकड्यावर बुरशीनाशक मारू नका, नाहीतर औषधाचा गुण वाणाच्या खात्यावर जमा होईल.

नोंद दोनदा घ्या. पहिली तुरा बाहेर पडताना, दुसरी केस वाळून दाणा घट्ट होत असताना. मधल्या दोन ओळींतली वीस झाडं घ्या, कडेच्या ओळी सोडा. प्रत्येक झाडाच्या कणसाजवळचं पान, त्याच्या खालचं एक आणि वरचं एक, अशी तीन पानं पाहून १ ते ९ गुण द्या. सर्वांत खालची वाळलेली पानं मोजू नका, ती कुठल्याही वाणात जातात. समजा वीसपैकी सहा झाडांना ३, नऊ झाडांना ४ आणि पाच झाडांना ५ मिळाले. बेरीज १८ अधिक ३६ अधिक २५, म्हणजे ७९. भागिले वीस केल्यावर सरासरी ३.९५. वाण मध्यम प्रतिकारक. टक्केवारीत हवं तर ७९ ला १८० ने भागा, कारण वीस झाडांचे कमाल गुण १८० होतात. उत्तर जवळपास ४४ टक्के. पहिल्या नोंदीला २ आणि दुसरीला ४ असा वाण चालेल. पहिल्यालाच ५ असेल तर तो वाण तुमच्या रानाचा नाही, मग कणीस कितीही देखणं असो.

कणसाजवळच्या आणि वरच्या पानांवर इतका भर का, तर दाण्यात जाणारं अन्न मुख्यतः तीच पानं बनवतात. केस येण्याआधी ती करपली तर दाणे पोचट राहतात, कणसाचं टोक भरत नाही, आणि झाड उणीव भरून काढायला ताटातली साखर ओढून घेतं. मग ताट पोकळ होऊन वाऱ्याने लोळतं. लोळलेल्या मक्याचं कारण पुष्कळदा वाऱ्यात शोधतात, ते पानांत असतं. उलट केस आल्यावर सहा-सात आठवड्यांनी तीच पानं वाळली तर उत्पादनावर जवळजवळ काही फरक पडत नाही. त्या वेळी फवारणी म्हणजे पैसे वाया.

फवारणी लागेल ती मध्यम प्रतिकारक वाणावर, रोग लवकर आला तर. साधा ठोकताळा असा: तुरा पडण्याच्या सुमारास निम्म्याहून अधिक झाडांवर कणसाखालच्या तिसऱ्या पानावर किंवा त्याच्या वर डाग पोहोचले असतील आणि हवा ढगाळ असेल, तर फवारा. मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी दहा लिटर पाण्याला २५ ग्रॅम, डाग दिसू लागताच आणि पुन्हा दहा-बारा दिवसांनी. हे स्पर्शजन्य आहे, पानावर असेल तेवढंच वाचवतं, जोराच्या पावसाने धुतलं जातं आणि आत शिरलेल्या बुरशीला काही करत नाही. रोग पुढे गेला असेल तर अझॉक्सिस्ट्रॉबिन १८.२ टक्के अधिक डायफेनोकोनॅझोल ११.४ टक्के हे संयुक्त औषध दहा लिटरला १० मिलि. तुऱ्यात आलेल्या मक्याला एकरी २०० लिटर पाणी लागतं, म्हणजे औषध २०० मिलि. इथेच बहुतेकांची चूक होते. औषधाचं प्रमाण बरोबर, पण एकरी सहा-सात पंपांत काम उरकतात. पंधरा लिटरचे सहा पंप म्हणजे नव्वद लिटर पाणी आणि एकरी फक्त ९० मिलि औषध. तेही पुरुषभर उंचीच्या मक्यात कणसापर्यंत पोहोचत नाही. नोझल कणसाच्या उंचीवर धरून दोन्ही बाजूंनी मारा. हेच संयुक्त औषध एका हंगामात लागोपाठ वापरू नका, त्यालाही बुरशी सरावते. आणि मका हिरव्या चाऱ्यासाठी किंवा मुरघासासाठी असेल, तर डब्यावर छापलेला प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय जनावरांपुढे टाकू नका.

राहिला बनावट बियाण्याचा प्रश्न. रिकामी पिशवी, त्यावरचा लॉट क्रमांक आणि पावती जपून ठेवली असेल, तर झाडं पाहून काही अंदाज येतो. खऱ्या एकेरी संकरात, म्हणजे दोनच शुद्ध ओळींच्या संकरात, झाडांची उंची, तुऱ्याचा रंग, केसांचा रंग आणि कणसाची जागा जवळजवळ सारखी असते. शेतात केस काही झाडांवर हिरवट, काहींवर गुलाबी, कणसं काही कमरेला तर काही छातीला, असं दिसत असेल तर बियाण्यात भेसळ आहे किंवा ते दुसऱ्या पिढीचं आहे, आणि मग तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करण्यात अर्थ आहे. मात्र तक्रार पीक उभं असतानाच करा. मका कापल्यावर पंचनाम्याला काही उरत नाही. झाडं सगळी एकसारखी आणि करपाही सगळ्यांवर सारखाच असेल, तर बियाणं अस्सल आहे, वाण तुमच्या रानाला कमी पडला. त्या रानातली धसकटं यंदा गोळा करून कंपोस्टच्या खड्ड्यात घाला किंवा खोल नांगरून गाडा, आणि पुढच्या खरिपात तिथे मका सोडून सोयाबीन किंवा तूर घ्या.